डोंगरशेतीचें मोल



बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत माळ आहेत, टेकड्या आहेत. पण ज्याला सह्याद्रीचा डोंगर म्हणावा तो येथून पश्चिमेस फार दूर राहिला. तेव्हां डोंगरांतील शेतीविषयीं बोलावयाचें आणि दाखला मात्र या सपाट मुलखाचा द्यावयाचा, हें आपणांस थोडें विपरीत वाटेल. परंतु डोंगरशेतीचें मोल डोंगरांतच मोजूं गेल्यास हातीं कांहींच लागत नाहीं. भोर तालुक्याच्या पश्चिमेकडील शेतकऱ्याची नाचणी बाजारांत किती रुपयांना गेली, एवढाच हिशेब मांडला तर ती शेती तोट्याची ठरते, आणि ती सोडून पुण्याची वाट धरणारा मुलगा शहाणा ठरतो. त्या शेतीच्या उत्पन्नाचा मोठा भाग निघतो तो शंभर मैल खालीं, दुसऱ्याच्या शेतांत. तेथें त्याला कोणी डोंगराचें उत्पन्न म्हणत नाहींत, ऊंस म्हणतात.

बारामती व इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. वर्षाकाठीं सरासरीनें ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोहि बेभरंवशाचा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें हा भाग पार होरपळून निघाला, आणि त्याच दुष्काळांत लोकांना काम मिळावें म्हणून नीरेच्या कालव्याची खोदाई सुरू झाली. १८८५ सालीं नीरा डावा कालवा वाहूं लागला. पुरंदर तालुक्यांतील वीर येथें नदीला बांध घालून कालवा काढला आहे, आणि तेथून सुमारें १६० किलोमीटर चालत तो इंदापूरपर्यंत जातो. त्याच्या पोटांत पाणी येतें तें भोरजवळ वेळवंडी नदीवर बांधलेल्या भाटघर धरणांतून. पहिलें धरण लहान पडूं लागलें, म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत त्याच्या खालच्या बाजूस मोठें धरण उभें राहिलें. मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचें नांव त्याला दिलें होतें. आज त्या जलाशयास येसाजी कंक यांचें नांव आहे, आणि तें शोभतेंहि. कारण कंकांचें भुतोंडे गांव त्याच खोऱ्यांत वरच्या अंगाला आहे. भाटघरांत सुमारें २३.५ अब्ज घनफूट पाणी मावतें. पुढें वीर, नीरा देवघर आणि गुंजवणी हीं धरणें त्याच्या जोडीला आलीं. इंदापूरची उत्तर बाजू उजनीच्या पाण्यावर जगते, तेंहि भीमेच्या वरच्या खोऱ्यांतील डोंगरांतूनच आलेलें.

आतां धरणाच्याहि वर जाऊं. तेथें पाऊस इंदापूरच्या कित्येक पटींनीं पडतो, आणि पडतो तो चार महिन्यांत. एवढें पाणी उघड्या उतारावर कोसळलें तर तें माती घेऊन तासाभरांत ओढ्याला लागेल. त्याच्या वाटेंत प्रथम उभें राहतें रान, आणि त्याखालीं भाताचें खाचर. उतार कापून, दगडमातीचा बांध घालून एकाखालीं एक केलेलीं हीं खाचरें म्हणजे अगदीं लहान लहान तळींच होत. वरच्या खाचरांतील पाणी बांधावरून सावकाश खालच्यांत उतरतें. उतरतांना बरोबरची माती मागें ठेवतें आणि कांहीं अंशानें जमिनींतहि मुरतें. मुरलेलें पाणी दिवाळीनंतर झऱ्यांच्या रूपानें ओढ्यांत येतें. डोंगर पाऊस आणतात, झाडें ढग ओढतात, असें आपण पुष्कळदां ऐकतों. त्या वादांत मी शिरत नाहीं. खालच्या शेतकऱ्याला उपयोगी पडतो तो डोंगराचा निराळाच गुण: पाण्याला उशीर लावणें. आणि दुसरा गुण म्हणजे माती जागच्या जागीं धरून ठेवणें. धरणांत गाळ किती येणार हें या दुसऱ्या गुणावर अवलंबून असतें. एकदां गाळानें भरलेली जागा पाण्याला परत मिळणें फार खर्चाचें, बहुधा अशक्यच.

खाचरांच्या वर वरकस जमीन असते. तीत एक वर्ष नाचणी, दुसऱ्या वर्षीं वरी, तिसऱ्या वर्षीं कारळे, आणि मग कांहीं वर्षें ती पड ठेवावयाची, असा जुना क्रम होता. गवत आणि झुडपें वाढून जमीन सांवरली कीं पुन्हां नांगर. गांवची देवराई तर कोणी तोडीतच नसे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पश्चिम महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां या रानांची योग्यता विद्वानांच्या ध्यानांत आली. गांवकऱ्यांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. मात्र डोंगरांतली शेती म्हणजे आपोआप पुण्यकर्म, असेंहि मी म्हणणार नाहीं. पड ठेवण्याचीं वर्षें कमी केलीं, चढावरची झुडपें समूळ काढलीं, तर तीच वरकस जमीन दोन पावसाळ्यांत धुपून खडक उघडा पडतो. आणि यंत्रानें डोंगर कापून बंगल्यांसाठीं भूखंड पाडण्याचा जो उद्योग पुण्याच्या पश्चिमेस चालला आहे, त्यापुढें वरकस नांगरणाऱ्याचा अपराध किरकोळच म्हटला पाहिजे.

खाचराचा बांध दरवर्षीं डागडुजी मागतो. खेकडे त्याला बिळें पाडतात, गुरें तुडवितात, पहिल्या मोठ्या पावसानें दगड सुटतात. घरांतील तरुण माणूस शहरांत गेला, म्हातारा थकला, कीं एक बांध तसाच राहतो. तो फुटला कीं त्याचें पाणी खालच्या बांधावर एकदम येतें, आणि एकाच्या आळसाची नव्हे, एकाच्या नाइलाजाची शिक्षा दहांना होते. या डागडुजीची मजुरी कोणत्याहि खात्यांत जमा होत नाहीं. वेळवंडीच्या खोऱ्यानें तर आपल्या तळच्या उत्तम जमिनीहि या धरणाला दिल्या. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरतें तेव्हां कांबरे येथील कांबरेश्वराचें देऊळ वर येतें. त्याच्या भोंवतीं एके काळीं नांगर चालत होता.

आणि खालीं त्या पाण्याचें काय होतें? कालवा आल्यावर उंसाची भरभराट झाली, कारखाने उभे राहिले, दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा मुलूख संपन्न झाला. पण जें पाणी मोफत वाटतें तें मोजून दिलें जात नाहीं. १९१० सालींच हॅरॉल्ड मॅन आणि तम्हाणे यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी, इतक्या जमिनी अतिपाण्यानें बिघडल्या होत्या. पाण्याची खरी किंमत भरावी लागली असती, तर हा हात कांहीं आखडला असता असें मला वाटतें.

खालच्यानें वरच्याला कांहीं द्यावें, ही कल्पना नवी नाहीं. चंदीगडचें सुखना तळें १९५८ सालीं बांधलें आणि थोड्याच वर्षांत तें गाळानें भरूं लागलें. शोध घेतां घेतां शिवालिकच्या टेकड्यांवरील सुखोमाजरी या गांवाचे उघडे उतार सांपडले. नुसती बंदी घालून भागणार नव्हतें, कारण गुरें कोठें न्यावयाचीं? तेव्हां पी. आर. मिश्रा यांच्या प्रयत्नानें गांवाला लहान मातीचीं धरणें बांधून दिलीं, आणि त्या पाण्यांत प्रत्येक घराला, भूमिहीनालासुद्धां, सारखा वांटा ठरला. गांवानें आपण होऊन डोंगरावरील चराई थांबविली. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरानें १९९७ सालीं याच धोरणानें करार केला. पाणी गाळण्याच्या यंत्रागारावर अब्जावधी डॉलर खर्चण्यापेक्षां कॅट्सकिलच्या डोंगरांतील शेतकऱ्यांना पैसे देऊन तेथील ओढे स्वच्छ राखणें त्या शहराला स्वस्त पडलें. यांत दानधर्म कोठेंच नव्हता.

आपल्याकडे हें व्हावयाचें तर सोय आयतीच आहे. पाणीपट्टी वसूल होतेच. उंसाच्या बिलांतून प्रतिटन कांहीं रक्कम निरनिराळ्या निधींकरितां कापण्याची चालहि कारखान्यांत जुनी आहे. त्यांतील लहानसा वांटा भोर व वेल्ह्याकडील ग्रामसभांच्या हातीं बांधांच्या डागडुजीसाठीं आणि पड जमिनीच्या राखणीसाठीं दिला, तर शेतकऱ्याला तो जाणवणारहि नाहीं. अडचणी आहेत. बांध दुरुस्त झाला कीं नाहीं हें कोण पाहणार? जमीन एकाच्या नांवावर आणि कसणारा दुसरा, तेथें पैसे कोणाला? भूखंडवाल्यानें खाचर विकत घेतलें असेल तर त्यालाहि द्यावयाचे काय? शेवटच्या प्रश्नाला माझें उत्तर स्वच्छ आहे: नाहीं, जो बांध राखील त्यालाच. बाकीचे प्रश्न वरच्या आणि खालच्या लोकांनीं एकत्र बसल्याशिवाय सुटणारे नाहींत. आणि शंभर वर्षांहून अधिक काळ एकच पाणी वापरणारे हे लोक त्यासाठीं एकत्र बसत नाहींत. बांध घालण्याचे दिवस वैशाखांत येतात, मृगाच्या आधीं. खालीं उन्हाळी आवर्तनाचें पाणी कालव्यांतून इंदापूरकडे सोडतात, तेहि त्याच सुमारास.