कोष्टकांतील शब्दशोध आणि ऱ्हस्व-दीर्घाचा विवेक

घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध करणें म्हणजे पूर्वीं शेंकडों पत्रें चाळणें व वह्या उतरणें असे. आतां तींच टिपणें संगणकावरील कोष्टकपत्रांत भरलीं जातात. सन १९७९ मध्यें ब्रिकलिन व फ्रँकस्टन ह्या अमेरिकन गृहस्थांनीं रचिलेलें 'व्हिजिकॅल्क' हें कोष्टकपत्र बाहेर पडलें, तेव्हां त्याचा मुख्य उपयोग हिशेबाचा होता. आज त्यांत नांवें-गांवेंहि सांठवितात. मग प्रश्न उद्भवतो कीं, हजार नोंदींतून दौंड तालुक्यांतील राहू ह्या गांवीं नांदलेलीं घराणीं कशीं निवडावीं?

युक्ति सोपी आहे. पत्ता 'बी२' ह्या घरांत असल्यास शेजारच्या रिकाम्या घरांत पुढील सूत्र लिहावें. त्यांतील इंग्रजी शब्द अर्थातच रोमन लिपींत टंकावे.

=इझनंबर(फाइंड("राहू",बी२))

'फाइंड' हें पद शोधलेला शब्द कितव्या स्थानीं आहे तें सांगतें. 'मौजे राहू' ह्यांत उत्तर ६ येतें. कारण यंत्र काना-मात्रा स्वतंत्र मोजतें व मधली मोकळी जागाहि धरतें. शब्द नसल्यास अंकाऐवजीं दोषचिन्ह उमटतें. 'इझनंबर' हें पद त्या दोहोंस 'आहे' किंवा 'नाहीं' असें स्पष्ट रूप देतें.

परंतु ह्या 'नाहीं'वर किती विसंबावें? आपल्या नैयायिकांनीं अभाव हा पदार्थ मानिला खरा. पण वस्तु असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिति असेल तरच तिचा अभाव सिद्ध होतो, ही अटहि घातली. अंधारांत घट दिसला नाहीं, एवढ्यावरून तो नाहीं असें ठरत नाहीं. कोष्टकांतील अंधार शुद्धलेखनाचा आहे. सन १९६२ च्या नियमांनीं रूढ तत्सम शब्दांचे अन्त्य इकार-उकार दीर्घ झाले व अनुच्चारित अनुस्वार गेले. म्हणून जुन्या कागदावरून उतरलेला 'राहु' यंत्रास 'राहू' दिसत नाहीं. 'गाव' शोधणारास 'गांव' सांपडत नाहीं.

यास्तव दोन्हीं रूपें एकत्र शोधावीं :

=ऑर(इझनंबर(फाइंड("राहू",बी२)),इझनंबर(फाइंड("राहु",बी२)))

ह्या जाळ्यांत 'राहुरी' व 'राहुल' सांपडतील, 'पुण्यास राहून' हेंहि येईल. त्याची खंत नको. अधिक आलेली नोंद वाचतांच वगळतां येते. सुटलेली नोंद मात्र कोणी वाचीतच नाहीं, आणि एखादी शाखा वंशवृक्षांतून निमूटपणें नाहींशी होते.

म्हणून आमची गृहस्थांस सूचना अशी कीं, निवड यंत्रानें करावी, परंतु कोणाचेंहि नांव गाळण्यापूर्वीं मूळ कागद स्वतः वाचावा व घरांतील वृद्धांस विचारावें.