महाविद्यालयांतील ग्रंथालय व संगणकखातें यांचें एकीकरण

पोथी ग्रंथपालाच्या कपाटांत आणि तिची छायाप्रत संगणकखात्याच्या यंत्रांत, अशी वांटणी एखाद्या महाविद्यालयांत झाली म्हणजे त्या प्रतीचा धनी कोण, हा प्रश्न उत्पन्न होतो. हीं दोन खातीं एक करण्याचा प्रयोग परदेशांत झाला आहे. संग्राहकांस त्याची माहिती असावी म्हणून आम्ही हें टिपण देत आहों.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत १९८६ सालीं ग्रंथालयें व संगणककेंद्र एका व्यवस्थेखालीं आलीं. तिच्या प्रमुख, तेथील ग्रंथपाल पॅट्रिशिया बॅटिन, यांनीं १९८४ सालींच अशा संयोगाचा पुरस्कार केला होता. वाचकास विषय हवा असतो. तो कागदावर आहे कीं यंत्रांत, हा भेद खात्यांच्या सोयीचा, असें या विचारामागील तत्त्व. पुढें अमेरिकेंतील व ब्रिटनमधील अनेक संस्थांनीं ही वाट धरली. कांहींनीं ती सोडूनहि दिली.

अडचण आमच्या मतें यंत्रांत नसून स्वभावांत आहे. ग्रंथपाल जुनें राखतो, यंत्रज्ञ थोड्या थोड्या वर्षांनीं नवें आणतो. फाइलीवर आपोआप पडणारी तारीख प्रत उतरल्याची असते. पोथीचा लेखनशक तींत नसतो. नक्कलकारानें पुष्पिकेंतील जुना शक जसाच्या तसा उतरल्यामुळें कालनिर्णय कसा चुकतो, हें आपण जाणतोंच. येथें घोटाळा उलट होतो: मूळचा शक हरवतो व नकलेचा उरतो. लेखक, शक, पत्रसंख्या, मूळ दप्तर ही माहिती प्रतिमेसोबत बांधून ठेवणें हें सूचिकाराचें काम, आणि यंत्रज्ञाशेजारीं बसल्याखेरीज तें त्याच्या हातून नीट होत नाहीं.

यंत्रज्ञापासूनहि घेण्यासारखें पुष्कळ आहे. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून पोथीच्या शेवटीं ग्रंथसंख्या देण्याची चाल होती. तीवरून गळालेला मजकूर कळे. फाइलींतील सर्व मजकुरावरून यंत्र काढतें तो ताळ्याचा आंकडा हेंच काम अधिक बारकाईनें करतो. एक अक्षर बदललें तरी तो बदलतो. मात्र तो वेळोवेळीं पडताळून पाहणारा मनुष्य नेमलेला हवा.

बॅटिन १९८७ सालीं, आम्लयुक्त कागदामुळें ठिसूळ झालेल्या पुस्तकांच्या रक्षणाकरितां झटणाऱ्या अमेरिकन आयोगाच्या अध्यक्ष झाल्या. ग्रंथरक्षणाची ही तळमळ असलेली व्यक्ति जोडखात्याच्या शिरोभागीं होती, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. आपलें दप्तर महाविद्यालयास चित्रणासाठीं देणाऱ्यांनीं, खातीं एक असोत वा वेगळीं, प्रतिमा किती ठिकाणीं राहणार आणि यंत्रें बदलतांना त्या नव्या यंत्रावर कोण उतरविणार, हें आधीं लेखी घ्यावें.