विकण्यासाठी घेतलेल्या जुन्या साड्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या साड्या घेऊन मोबाइलवरून विकण्याचा व्यवसाय थोड्या भांडवलात, घरातूनच सुरू करता येतो. धाराशिव जिल्ह्यात त्यासाठी लागणारा माल जवळच मिळतो. कर्नाटकच्या सीमेलगतच्या उमरगा-मुरूम पट्ट्यात इरकल नेसण्याची जुनी रीत आहे, सोलापूरची कापडपेठ तुळजापूरहून तासाभराच्या अंतरावर आहे आणि घरोघरीच्या ट्रंकांत नऊवारी, खणाच्या चोळ्या, लग्नातल्या पैठण्या पडून आहेत. कापडाचा व्यापार या भूमीत फार जुना आहे. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात तगर, म्हणजे आजचे तेर, येथून भडोच बंदराकडे साधे कापड आणि मलमल मोठ्या प्रमाणात जात असल्याची नोंद आहे. आजच्या अनेक छोट्या विक्रेत्यांचे दुखणे मात्र उलटे असते. माल घरात येत राहतो, बाहेर जात नाही, आणि तरीही खरेदी थांबवता येत नाही.

‘ही उधळपट्टी नाही, गुंतवणूक आहे’ हा यातला सर्वांत घातक समज. स्वतःसाठी साडी घेणाऱ्याला कपाटाची, सणावाराची, घरच्यांच्या नजरेची मर्यादा असते. ‘विकायला घेतली’ असे म्हटले की ती मर्यादा उरत नाही, कारण प्रत्येक खरेदीला व्यवसायाचे कारण मिळते. पण नफा विक्रीत होतो, खरेदीत नाही. समजा, प्रत्येकी ८०० रुपयांना २० साड्या घेतल्या आणि त्यातील पाच १,५०० रुपयांना विकल्या. दर साडीमागे ७०० रुपये सुटले असे वाटते. प्रत्यक्षात १६,००० रुपये गेले, ७,५०० आले, आणि धुलाई, पॉलिश, कुरिअर यांचा खर्च धरण्याआधीच ८,५०० रुपये अडकले. हिशेबशास्त्रात शिल्लक मालाची किंमत खरेदीची रक्कम किंवा विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती धरतात. मनात धरलेला भाव वहीत लिहिता येत नाही.

जुने तेवढे मोलाचे, हेही खरे नाही. मोल वयावर नाही, विणीवर, जरीवर आणि अवस्थेवर ठरते. हातमागाच्या अस्सल पैठणीच्या पदरावरील नक्षी उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे धागे लोंबतात. पारंपरिक इरकलीत अंगाचे आणि पदराचे ताणे वेगळे असून ते फासांनी एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ‘टेस्टेड’ जरीत तांब्याची तार असते आणि स्वस्त जरीत तर चकाकणारे प्लास्टिक. एवढी पारख न करता केवळ ‘आजीच्या काळातली’ म्हणून घेतलेले गाठोडे बहुधा पडूनच राहते.

ते पडून राहिले तर भाव वाढेल, असा दिलासा विक्रेता स्वतःला देतो. कापड मात्र थांबत नाही. रेशीम घडीवर चिरते, चांदीची जर काळी पडते, कसर लागते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीतली उष्णता धागा ठिसूळ करते.

‘मनावर घेतले की खरेदी थांबेल’ हा सल्ला देणारे घरचे लोक प्रेमापोटी बोलतात, पण त्यांना यामागची यंत्रणा ठाऊक नसते. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की मेंदूतील डोपामाइनच्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला, आणि बक्षिसाची चाहूल देणाऱ्या खुणेला, जोरदार प्रतिसाद देतात. बोहारणीच्या किंवा भंगारवाल्याच्या गाठोड्यात दहा फाटक्या लुगड्यांनंतर एखादी खरी जर सापडते, तो क्षण असाच असतो. आनंद सापडण्यात मिळून जातो. नंतरचे फोटो, मापे, ग्राहकांचे प्रश्न हे निव्वळ कष्ट. म्हणून खरेदी होते आणि विक्री लांबते.

विक्री लांबण्याचे आणखी एक कारण आहे. डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना कॉफीचा मग दिला होता त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. आपल्या हाती आलेली वस्तू आपल्याला महाग वाटते. हातातली इरकल चढ्या भावाने मांडली जाते आणि गिऱ्हाईक मिळाले नाही की दोष बाजाराला दिला जातो.

प्रत्येक जण रुग्ण असतो, असा उलटा गैरसमजही नको. अनिवार खरेदीचे वर्णन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या वर्गीकरणात आवेग-नियंत्रणाच्या इतर विकारांचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख आहे. अमेरिकेच्या ‘डीएसएम-५’मध्ये तिला स्वतंत्र निदानाचे स्थान नाही. खरेदी लपवणे, कर्ज काढून माल घेणे, थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे आणि त्यावरून घरात भांडणे होणे, ही मदत घेण्याची लक्षणे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते.

बाकीच्यांना वहीची शिस्त पुरते. प्रत्येक नगाची खरेदीची तारीख, किंमत आणि विक्रीची तारीख लिहावी. आधीच्या विक्रीतून आलेल्या पैशांतूनच नवा माल घ्यावा. फोटो काढून विक्रीला न मांडलेला एकही नग घरात असेपर्यंत खरेदी बंद ठेवावी. माल दाखवणाऱ्या व्हॉट्सॲप गटांतून बाहेर पडणे हे निश्चयापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण त्याने खूणच डोळ्यांआड होते. वर्षभर न हललेला माल खरेदीच्या भावात किंवा तोट्यातही एकगठ्ठा काढावा. विरलेली सुती लुगडी वाकळ शिवणाऱ्या बायकांना द्यावीत.