राखेतलं पोटॅश

भारतात पोटॅशच्या खाणी चालत नाहीत. पोत्यावर ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ लिहिलेलं लाल-पांढरं खत कॅनडा, रशिया, बेलारूस अशा देशांतून जहाजाने येतं. गंमत अशी, की ऊस जमिनीतून हेच पोटॅश भरपूर उचलतो आणि ते साखरेत न जाता मळीत, म्हणजे मोलॅसिसमध्ये उतरतं. मळीपासून इथेनॉल काढलं की उरतो तो काळा, उग्र वासाचा स्पेंट वॉश. ओढ्या-विहिरींचं पाणी नासवणारा म्हणून डिस्टिलरीशेजारच्या गावांना तो चांगलाच माहीत आहे.

आता तो आटवून घट्ट करतात आणि खास बॉयलरमध्ये जाळतात. वाफ मिळते, वीज मिळते, आणि खाली राहते पोटॅशयुक्त राख. तिच्या दाण्यांचं खत ‘पीडीएम’ नावाने विकलं जातं. त्यात किमान १४.५ टक्के पोटॅश असावं लागतं. २०२१ मध्ये केंद्राने त्याला अनुदानाच्या यादीत घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये कारखाने आणि खत कंपन्यांमधला दर टनाला ४,२६३ रुपये ठरला, वर कारखान्याला ३४५ रुपये अनुदान.

हिशेब मात्र डोळसपणे करावा. म्युरेटमध्ये ६० टक्के पोटॅश असतं, म्हणजे त्याच्या एका पोत्याची बरोबरी करायला पीडीएमची चारांहून थोडी जास्त पोती लागतात. वाहतूक आणि मजुरी धरली, तर हे खत कारखान्याच्या आसपासच्या शिवारातच खरं परवडतं.