वाळूवरची हजेरी
उघड्यावरचे वर्ग : भाग सहावा

जानेवारीत जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. शाळेच्या वाळवंटी शिबिरात त्यानंतरचा तासभर फार मोलाचा असतो. ऊन तिरपे असल्यामुळे वाळूवरच्या बारीकशा खळग्यालाही सावली पडते आणि रात्रभरात टेकाडावरून कोण कोण गेले ते वाचता येते. वाळवंटी खोकडाची पावले जवळजवळ एका रेषेत पडलेली असतात. काळ्या भुंगेऱ्यामागे बारीक ठिपक्यांच्या दोन रांगा उमटतात. उन्हाळ्यात फुरसे गेले असेल, तर एकमेकींना समांतर अशा तिरक्या रेघांची माळ दिसते, कारण ते अंग आडवे टाकत सरकते. वारा सुटला की हा सगळा मजकूर पुसला जातो. म्हणून मुलांना चहाच्या आधी बाहेर काढायचे. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवायची, अगदी वरून सरळ फोटो घ्यायचा आणि वेळ, ठिकाण, चालण्याची दिशा वहीत टिपायची. ‘आयनॅचरलिस्ट’सारख्या निसर्गनोंदींच्या मंचावर प्राण्याच्या फोटोइतकाच त्याच्या ठशाचा किंवा विष्ठेचा फोटोही नोंद म्हणून धरला जातो. त्यामुळे ज्या खोकडाला एकाही मुलाने पाहिले नाही, त्याचीही हजेरी लागते.

ही विद्या या भागाला नवी नाही. सिंध, कच्छ आणि थारमध्ये पाऊलखुणा काढणारे पगी आणि खोजी पिढ्यान्‌पिढ्या होते. हरवलेला उंट कुठे गेला, चोर किती होते, ओझे घेऊन गेले की मोकळे, हे ते वाळू पाहून सांगत. बनासकांठ्याचे रणछोडभाई रबारी, म्हणजे रणछोड पगी, यांनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत याच नजरेच्या बळावर लष्कराला रणातल्या वाटा दाखवल्या. सीमा सुरक्षा दलाने पुढे एका चौकीला त्यांचे नाव दिले. पगीची नजर जीव वाचवते आणि माहितीही गोळा करते. शाळेच्या वाळवंटी मोहिमेची आखणी करताना शिक्षकांनी हेच धरून ठेवावे. ‘सकाळी अभ्यास, दुपारी साहस’ असे दोन कप्पे पाडले, की दोन्ही पातळ होतात.

मागच्या भागात मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी होणाऱ्या निरीक्षणफेऱ्यांबद्दल वाचले. या वेळचा वर्ग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. जवळच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. हा देशातला विक्रम आहे. जानेवारीच्या रात्री मात्र तो दहाच्या खाली उतरतो. एवढे असूनही थार ओसाड नाही. दर चौरस किलोमीटरला ऐंशीहून अधिक माणसे राहणारे हे जगातले सर्वांत दाट वस्तीचे वाळवंट मानले जाते. सहलीला आलेली मुले जैसलमेरजवळच्या सम गावच्या टेकाडांवर जीपमध्ये बसून उसळ्या खातात, उंटावर फोटो काढतात, रात्री ध्वनिक्षेपकावर नाचतात आणि परत जातात. इतक्या लांब येऊन एवढेच पाहणे हा त्या जागेवर आणि मुलांवरही अन्याय आहे.

वाळवंटात तगून राहायचे म्हणजे पाणी, आणि पाण्याबद्दलचे गैरसमज मुलांनी स्वतः तपासून पाहावेत असेच आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रे जॅक्सन आणि कॉर्नेलियस व्हॅन बॅव्हेल यांनी १९६५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सौर ऊर्ध्वपातनाची सोपी युक्ती मांडली. जमिनीत मीटरभर रुंदीचा खड्डा खणायचा, मधोमध भांडे ठेवायचे, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने दाबायच्या आणि मधोमध एक खडा ठेवायचा. उन्हाने मातीतली ओल वाफ होऊन वर जाते, प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि ते घरंगळत भांड्यात पडतात. तेव्हापासून जगभरच्या साहसपुस्तकांत ही युक्ती छापली जाते. ओलसर मातीत आणि रसाळ झाडपाला घातल्यावर ती चांगली चालतेही. कोरड्या टेकाडाच्या वाळूत मात्र दिवसाअखेर हाती फारच थोडे लागते.

शिबिरात हा प्रयोग जरूर करावा, पण दुसऱ्या बाजूचे मोजमाप घेऊनच. खणणाऱ्या मुलांचे वजन खणण्याआधी आणि नंतर काट्यावर घ्यायचे, मधल्या वेळात प्यायलेले पाणी हिशेबात धरायचे. अंगातून एक लिटर घाम गेला की वजन साधारण एक किलोने उतरते. संध्याकाळी भांड्यातले पाणी मोजपात्रात ओतायचे आणि दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहायचे. एक खड्डा टेकाडाच्या माथ्यावर आणि दुसरा सखल, गवताळ जागी घेतला तर फरक आणखी स्पष्ट होतो. रुईसारख्या चिकाच्या विषारी वनस्पती त्यात घालायच्या नाहीत. कोणते पान घातले तेही वहीत लिहायचे. या एका दिवसात मुले बाष्पीभवन शिकतात, तुलनेसाठी दुसरा खड्डा का लागतो ते शिकतात आणि संकटात उन्हात खणत बसण्यापेक्षा सावलीत थांबणे केव्हा शहाणपणाचे, हेही त्यांना स्वतःच्या आकड्यांवरून कळते.

पाणी पुरवून पुरवून प्यावे, हा दुसरा समज. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ई. एफ. ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर बारकाईने अभ्यास केला आणि १९४७ मध्ये तो ग्रंथरूपाने मांडला. पाणी कमी प्यायल्याने घाम कमी होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की, पाणी हाताशी असूनही माणूस गमावलेल्या पाण्याइतके पीत नाही. तहान मागे पडते आणि जेवताना थोडीफार भरपाई होते. म्हणून शिबिरात ‘तहान लागली की प्या’ एवढे सांगून भागत नाही. पाण्याच्या वेळा ठरवाव्या लागतात, लघवीचा रंग गडद झाला तर सांगायला मुलांना संकोच वाटू नये इतका मोकळेपणा लागतो आणि जेवण टाळणाऱ्या मुलावर लक्ष ठेवावे लागते. अंगभर सुती कपडे आणि डोक्याला फेटा ही थारची रीतही या अभ्यासाशी जुळते; उघड्या अंगापेक्षा झाकलेल्या अंगातून दिवसा कमी पाणी जाते.

मग प्रश्न उरतो, इथली माणसे इतकी शतके पाणी आणतात कुठून? अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या १९९५ च्या पुस्तकात याचे उत्तर फार आत्मीयतेने मांडले आहे. थारच्या काही पट्ट्यांत वाळूखाली जिप्समचा कठीण थर आहे. त्याखालचे भूजल खारे. पण पावसाचे जे पाणी वाळूत मुरते, ते त्या थरावर अडते आणि वाळूत ओल धरून राहते. अरुंद कुई किंवा बेरी खणली की ती ओल थेंबाथेंबाने तळाशी गोळा होते. जिप्सम कुठे आहे आणि कुठे नाही, हे गावाला ठाऊक असते. दुसरी रचना खडीनची. खडकाळ उतारावरून वाहणारे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवायचे, ते जमिनीत जिरू द्यायचे आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. जैसलमेर भागातल्या पालीवाल समाजाने पंधराव्या शतकापासून ही शेती उभी केली. पर्यटक ज्या कुलधराकडे भुताखेतांच्या गोष्टींसाठी जातात, ते याच पालीवालांचे सोडलेले गाव. शिक्षकांनी मुलांना तिथे भुते सोडून पाण्याची व्यवस्था दाखवावी. सोबत विरघळलेले क्षार मोजणारे स्वस्त टीडीएस मीटर असले, की बेरी, विंधनविहीर, टाके आणि नळ यांची तुलना जागेवर होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. आपल्याला पाणी काढून देणाऱ्या घरातल्या आजोबांनी चवीवरून सांगितलेले आणि मीटरने दाखवलेले, दोन्ही वहीत यावे.

रात्रीचे धडे वेगळे. पश्चिम राजस्थानात ‘पीवणा’ नावाच्या सापाची धास्ती आहे. तो झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसून श्वास पितो, अशी समजूत. साप श्वास पीत नाही. पण मण्यार कुळातला साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, चावा फारसा दुखत नाही, खूण बहुधा दिसत नाही, आणि पहाटे श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस गुदमरतो. समजुतीमागचे निरीक्षण चोख आहे, कारण तेवढे चुकले. उपाय साधा: खाटेवर झोपणे, मच्छरदाणी गादीखाली खोचणे, तंबूची चेन कायम बंद ठेवणे, बूट झटकून घालणे. हिवाळ्यात सापांचा वावर कमी असला तरी ही सवय सोडायची नाही. शिक्षकांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी: या भागातल्या फुरशाच्या विषावर आपल्याकडची नेहमीची प्रतिसर्पविष लस तितकीशी प्रभावी ठरत नाही, असे जोधपूरकडच्या डॉक्टरांचे अनुभव आहेत. म्हणून सर्वांत जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता आणि त्याला लागणारा वेळ आधी पाहून ठेवायचा.

तंबूबाहेर आकाश असते. ‘ग्लोब ॲट नाइट’ हा उपक्रम २००६ पासून प्रकाशप्रदूषणाच्या नोंदी गोळा करतो. थंडीच्या दिवसांत त्यासाठी मृग नक्षत्र पाहायचे आणि दिलेल्या नकाशांपैकी कोणत्या नकाशाइतके तारे दिसतात तेवढे कळवायचे. दुर्बीण लागत नाही. मुलांनी निघण्यापूर्वी आपापल्या गच्चीवरून एक नोंद केली आणि दुसरी थारमधून, तर घरी आपण किती तारे गमावले ते त्यांना आकड्यात दिसते. मोहिमेच्या तारखा यासाठीच अमावास्येच्या आसपास ठेवाव्यात.

आता माळढोकाविषयी, कारण मराठी मुलांनी थारमध्ये जावे याचे सर्वांत मोठे कारण तोच आहे. सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये माळढोकासाठीच झाले, पण आज महाराष्ट्राच्या माळांवर तो जवळपास दिसेनासा झाला आहे. साऱ्या जगात उरलेल्या साधारण दीडशे माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरू राष्ट्रीय उद्यानात आणि पोखरणच्या लष्करी सराव क्षेत्राच्या आसपास ते टिकून आहेत. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उडताना समोरची वीजवाहिनी वेळेत पाहू शकत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थारमधल्या ४,२०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सर्व जातींचे मिळून वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी तारांमुळे मरतात. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे एकेका मृत्यूची भरपाई होता होत नाही. सम येथील प्रजनन केंद्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले, ही अलीकडची मोठी आनंदाची बातमी.

मुलांना माळढोक दिसेल का? बहुधा नाही. आणि सामान्य माणसांच्या नोंदींवर चालणाऱ्या नागरिकविज्ञानाची खरी शिकवण इथे मिळते. ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या मंचावर पूर्ण यादी भरायची म्हणजे ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा: चिमणी, होला, कावळा, सगळे. किती वेळ, किती अंतर चाललो तेही लिहायचे. अशा यादीत जो पक्षी नाही, तो त्या वेळी तिथे आढळला नाही, हेही संशोधकाला कळते. सेवण गवताच्या माळावर दोन तास चालून माळढोक नसलेली प्रामाणिक यादी भरणारा आठवीतला मुलगा विज्ञानाला उपयोगी पडतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ हा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे आणि त्यातल्या कित्येक याद्या अशाच साध्या आहेत. माळढोक दिसलाच, तर मात्र जवळ जायचे नाही, फोटो लगेच समाजमाध्यमांवर टाकायचा नाही आणि नेमकी जागा कुणाला सांगायची नाही. ‘आयनॅचरलिस्ट’ही धोक्यातल्या जातींच्या नोंदीचे ठिकाण आपोआप वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करते.

वाट चुकलेल्या मुलाने काय करावे, हे मोहीम निघण्यापूर्वीच सांगायचे. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅलोमार पर्वतावर एक नऊ वर्षांचा मुलगा हरवला आणि मृतावस्थेत सापडला. त्या दुःखातून सॅन दिएगोमध्ये मुलांसाठीचा शिक्षणक्रम सुरू झाला: हरवलास की जवळच्या झाडापाशी थांब, शिट्टी वाजव, रंगीत कापड पसर. मोठी माणसेही हे विसरतात. १९९४ मध्ये मोरोक्कोतल्या वाळवंटी शर्यतीत इटलीचे धावपटू माउरो प्रॉस्पेरी वाळूच्या वादळात वाट चुकले आणि चालत राहिले. नऊ-दहा दिवसांनी ते शेकडो किलोमीटर दूर अल्जीरियात सापडले, पंधरा किलोंहून अधिक वजन घटलेले. शेळ्या राखणारी एक मुलगी त्यांना दिसली म्हणून ते वाचले. थारमध्ये खेजडी, म्हणजे आपली शमी, दूरवरून दिसते आणि सावली देते. थांबण्याची जागा तीच. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी, पाठीवर पाण्याची बाटली आणि भडक रंगाचा रुमाल हवा. परदेशी साहसपुस्तकांत सांगितलेला उपग्रह फोन मात्र परवानगीशिवाय भारतात बेकायदा आहे. सीमेलगत ड्रोनवर निर्बंध आहेत आणि काही भागांत जायलाच परवाना लागतो, म्हणून वन विभाग आणि जिल्हा प्रशासन यांची पत्रे आधीच हाती असावीत.

परतल्यावर काम संपत नाही. ठशांचे फोटो तपासून चढवणे, पाण्याच्या आकड्यांचे तक्ते करणे, अनोळखी पक्ष्यांची नावे जाणकारांना विचारणे यात आणखी दोन-तीन आठवडे जातात. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, त्या वेळी देशातल्या अनेक शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत पक्षी मोजले जातात. जानेवारीत थारला गेलेल्या वर्गाने तेव्हा आपल्या शाळेच्या मैदानाची यादी भरावी. पुढच्या भागात जैसलमेरजवळचे आकल जीवाश्म उद्यान: अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे दगड झालेले बुंधे आणि तिथे शाळेचा वर्ग कसा घ्यावा याविषयी.