मंडळीतील मूल : लेखांक पाचवा — बाप्तिस्म्याला जामीन राहिलेली माणसे

मागील लेखांकात आपण बाप्तिस्म्याच्या पाण्याविषयी विचार केला. वाहते पाणी असल्यास त्यात, ते नसल्यास अन्य पाण्यात, आणि पाणी अगदीच थोडे असल्यास ते मस्तकावर तीन वेळा ओतून हा विधी करावा, असे ‘दिदाखे’ या आद्य ख्रिस्ती पुस्तिकेत सांगितले आहे, येथपर्यंत आपण आलो होतो. पाणी डोळ्यांना दिसते व हातांना लागते, म्हणून शब्बाथशाळेतील मुलांना हा भाग मनापासून आवडतो. परंतु मुले पाण्यापाशी फार वेळ थांबत नाहीत. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेले आठ-नऊ वर्षांचे एखादे मूल मध्येच विचारते, ‘मला तर तेव्हा काहीच कळत नव्हतं, मग देवाला हो कोण म्हणालं?’ हा प्रश्न उद्धटपणाचा समजून त्याला गप्प बसवणे हे शिक्षकाच्या हातून घडू शकणारे मोठे नुकसान होय, कारण ज्या प्रश्नावर अठराशे वर्षे वेदान्त्यांच्या तोडीचे पंडित भांडत आले, त्याच प्रश्नाला ते मूल स्वतःच्या बुद्धीने येऊन पोहोचलेले असते.

त्याला सरळ उत्तर द्यावे : तू हो म्हणाला नव्हतास, तुझ्यासाठी दुसऱ्यांनी शब्द दिला. उपासनेत पाळक प्रथम आईबापांना प्रश्न विचारतात, नंतर धर्मपिता व धर्ममाता यांना, आणि शेवटी सबंध मंडळीला. मंडळी उभी राहून उत्तर देते की या बालकाच्या संगोपनात व शिक्षणात आम्ही साह्य करू. लोक हे उत्तर बहुधा पुस्तकात पाहून वाचतात आणि खाली बसतात. वस्तुतः त्या क्षणी प्रत्येकाने एका अज्ञान व्यक्तीसाठी जामीनकी पत्करलेली असते, आणि जामिनाचा प्रसंग सही करताना नव्हे, तर पुढे कित्येक वर्षांनी येत असतो.

हे जोखीम ज्याने सर्वांत स्पष्ट ओळखले तो मनुष्य बालकांच्या बाप्तिस्म्याला अनुकूल नव्हता, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. इसवी सन 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरातील ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने बाप्तिस्म्यावर एक प्रबंध लिहिला आणि त्यात लहानग्यांचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकावा असा सल्ला दिला. त्याच्या कारणांपैकी एक असे की जे जामीन राहतात ते मरून जाण्याचा संभव असतो, किंवा मूल पुढे वाईट निघण्याचा, आणि मग दिलेला शब्द त्यांच्या अंगावर येतो. मंडळीने त्याचा सल्ला मानला नाही. सुमारे अर्धशतकानंतर त्याच नगरात बिशप सिप्रियन व त्याचे सहकारी मिळून 66 जणांच्या परिषदेने असा निर्णय दिला की बालकासाठी, सुंतेच्या जुन्या नियमाप्रमाणे, आठव्या दिवसापर्यंत थांबण्याचीही आवश्यकता नाही. निर्णय झाला, पण तर्तुलियनाची भीती त्याने खोडून निघाली असे म्हणता येत नाही, कारण जामीन खरोखरच मरतात, बदलून परगावी जातात, आणि पुष्कळदा नुसते विसरून जातात.

या भीतीचे उत्तर मला ऑगस्टिनापाशी सापडते. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा बाळपणी झाला नव्हता. लहान असता तो एकदा दुखण्याने अत्यवस्थ झाला तेव्हा त्याची तयारी करण्यात आली, परंतु त्याला उतार पडताच ती तहकूब झाली, आणि अखेर सन 387 च्या ईस्टरला मिलान येथे बिशप अँब्रोझच्या हस्ते, स्वतःचा किशोरवयीन मुलगा आदेओदातुस याच्यासह, त्याने बाप्तिस्मा घेतला. हाच मनुष्य पुढे हिप्पोचा बिशप असता बोनिफास नावाच्या दुसऱ्या बिशपाला एका पत्रात लिहितो की बालकाला जे हातांवर घेऊन येतात तेवढेच त्याला देवापुढे आणीत नाहीत, तर भाविकांचा सबंध समुदाय आणतो. आणि याच्या पुष्टीसाठी तो एक दृष्टान्त देतो, जो वाचून मी प्रत्येक वेळी थबकतो. निर्दय आईबापांनी टाकून दिलेली अर्भके व्रतस्थ कुमारिका उचलून आणीत, ज्यांना स्वतःचे मूल नव्हते व होऊ द्यावयाचेही नव्हते, आणि त्याच त्या अर्भकांना बाप्तिस्म्यासाठी पुढे करीत. म्हणजे रस्त्यावरून उचलणे आणि पाण्यापाशी आणणे या दोन क्रिया तेथे एकाच हातांनी होत असत. मुलांना बाप्तिस्मा समजावून सांगताना मी प्रथम ही हकीगत सांगावी या मताचा आहे, कारण जामीनकी म्हणजे काय हे तिच्यात उपदेशावाचून दिसते.

आपल्या प्रांतात या प्रश्नाची अत्यंत कठीण बाजू पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आढळते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्याच वेळी त्यांची कन्या मनोरमा हिचाही झाला. ती तेव्हा अवघी दोन वर्षांची होती. पुढे मनोरमेला कोणत्या धर्ममताचे शिक्षण द्यावे व ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, यावरून रमाबाई आणि तेथील भगिनीमंडळ यांच्यात मोठा पत्रव्यवहार झाला. भगिनींचे मुलीवर प्रेम होते यात शंका नाही. परंतु आपल्या लेकीच्या श्रद्धेचा मुखत्यार दुसऱ्या कोणी व्हावे हे रमाबाईंना मान्य नव्हते, आणि माझ्या मते त्यांचेच म्हणणे न्याय्य होते. मंडळी शब्द देते तो साह्याचा. मुलाचा ताबा घेण्याचा नव्हे.

हेच तत्त्व 1896–97 च्या दुष्काळात अधिकच कसोटीला लागले. मध्य प्रांतातून उपाशी मुली रमाबाईंनी आणल्या, केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न, वस्त्र, अक्षर व हातकाम दिले, आणि तेथील कित्येक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यापूर्वीच, 1893 साली, रमाबाईंच्याच शारदा सदन या शाळेतील विद्यार्थिनींच्या धर्माविषयी पुण्यात प्रचंड वादळ उठून सल्लागार समितीने राजीनामे दिले होते. त्या वादात टीकाकारांच्या भाषेत कटुता होती, परंतु त्यांच्या एका प्रश्नाचे वजन आपण ख्रिस्ती लोकांनी प्रामाणिकपणे मानले पाहिजे : ज्याच्या पोटात अन्न नाही त्याच्या होकाराला मोल किती? ज्या मंडळीला मुलांची काळजी वाहावयाची आहे तिने अन्न, औषध व शाळेची फी ही कधीही बाप्तिस्म्याची किंमत होऊ देता कामा नये. ज्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला नाही, व कदाचित कधी होणारही नाही, त्याच्याही ताटात तेवढेच वाढले गेले पाहिजे.

आता वर्गात काय करावे? प्रत्येक मंडळीच्या दफ्तरात बाप्तिस्म्याची नोंदवही असते. एरवी ती शाळाप्रवेशाला किंवा विवाहाला दाखला लागला म्हणजे बाहेर निघते व पुन्हा कपाटात जाते. पाळकांच्या संमतीने ती एका रविवारी मुलांपुढे उघडावी. प्रत्येकाने आपले नाव शोधावे, तारीख वाचावी, जामीन राहिलेल्यांची नावे वहीत उतरून घ्यावीत आणि आठवडाभरात त्यांपैकी जे हयात असतील त्यांना जाऊन भेटावे. या भेटीत मुलापेक्षा मोठ्यांचीच अधिक परीक्षा होते. ज्यांचे जामीन वारले वा दूर गेले त्यांच्यासाठी मंडळीतील वडिलांनी नवी माणसे नेमावीत आणि ती नेमणूक उपासनेत सर्वांसमक्ष जाहीर करावी. मुलाची फी थकली, घरी आजार आला, बाप दारूच्या आहारी गेला, तर पहिली चौकशी या माणसाने करावी. आणि याच्या जोडीला एक नियम कडक पाळावा : मुलांचा वर्ग कोणीही प्रौढाने एकट्याने बंद दाराआड घेऊ नये, व मुलाने तक्रार केल्यास ती मंडळीच्या अब्रूसाठी दाबू नये. हा नियम काहींना अविश्वासाचा वाटतो. मला तो त्या दिलेल्या शब्दाचाच भाग वाटतो.

वर्गात असेही एखादे मूल असते ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, कारण त्याचे आईबाप बॅप्टिस्ट किंवा ब्रदरन परंपरेतील आहेत. त्याला नोंदवहीत नाव सापडत नाही व ते हिरमुसते. त्याला नागपूरची गोष्ट सांगावी. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तेथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा त्यांच्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे होते आणि केवळ स्वमुखाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच तो देणारेही होते. दोन्ही पद्धती त्यांनी वैध मानल्या : एकीत तान्ह्याचा बाप्तिस्मा व पुढे दृढीकरण, दुसरीत तान्ह्याचे समर्पण व पुढे बाप्तिस्मा. त्या हिरमुसलेल्या मुलालाही मंडळीपुढे आणले जाते आणि त्याच्यासाठीही माणसे शब्द देतात. म्हणून त्याच्या समर्पणाची नोंद त्याच वहीत ठेवावी, आणि भेटीला जाण्याचा गृहपाठ त्यालाही द्यावा.

पुढील लेखांकी दृढीकरणाच्या वर्गाविषयी लिहावयाचे आहे. तेथे मूल प्रथमच स्वतःच्या तोंडाने कबुली देते. ती न देण्याचीही त्याला मुभा आहे, ही गोष्ट त्याला कोणी, केव्हा व कशा शब्दांत सांगावी, हा त्यातील मुख्य प्रश्न राहील.