विमानांचे फोटो काढताना

बंगळुरूला विमानांचे शहर म्हटले तर वावगे ठरणार नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजे एचएएल इथलीच. मारुत हे लढाऊ विमान १९६१ मध्ये आणि तेजस २००१ मध्ये पहिल्यांदा उडाले ते इथूनच. १९९६ पासून येलहंका येथे ‘एरो इंडिया’ हे प्रदर्शन दर दोन वर्षांनी भरते. ते पाहून अनेकांना विमानांचे फोटो काढावेसे वाटतात. पण घरी येऊन पाहावे तर भले मोठे आकाश आणि मधे एक काळा ठिपका! कॅमेरा साधा असला तरी पुढील गोष्टी सांभाळल्या तर फोटो नक्की सुधारतो.

१. सूर्य पाठीशी ठेवा. एरो इंडिया बहुधा फेब्रुवारीत असते. तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्या दिशेला तोंड करून फोटो काढला तर विमानाची नुसती काळी आकृती येते. सकाळचे ऊन सर्वांत चांगले. दुपारी धावपट्टी तापते, वरची हवा थरथरते आणि दूरचे विमान पाण्यात हलल्यासारखे दिसते. त्यावर कोणत्याही लेन्सचा उपाय चालत नाही. उजळ आकाशामुळे कॅमेरा सगळा फोटो गडद करतो, म्हणून एक्स्पोजर थोडे वाढवा. मोबाइलवर विमानाला बोट लावून उजेड वाढवता येतो.

२. शटर स्पीड विमान पाहून ठरवा. ताशी ७०० किलोमीटर वेगाचे जेट एका सेकंदात सुमारे १९४ मीटर जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागातही ते १९ सेंटीमीटर पुढे सरकते. त्यामुळे जेटसाठी १/१००० किंवा त्याहून जलद वेग हवा. हेलिकॉप्टरचे मात्र उलट आहे. ध्रुव हेलिकॉप्टरचा पंखा मिनिटाला साधारण ३०० फेऱ्या घेतो. १/१००० ला त्याची पाती दोन अंशही फिरत नाहीत, म्हणून फोटोत पंखा बंद पडल्यासारखा वाटतो. १/१२५ ठेवले तर पाती सुमारे १४ अंश फिरतात आणि गती दिसते. पुढे पंखा असलेल्या विमानांनाही हेच लागू.

३. विमानाबरोबर वळा. याला पॅनिंग म्हणतात. फायरिंग रेंजवर ट्रिगर झटक्यात न दाबता हळू दाबायला शिकवतात, तसेच इथेही करायचे. जिथे फोटो घ्यायचा त्या दिशेला पाय रोवा, कोपरे अंगाशी धरा आणि कमरेतून वळत विमान चौकटीत ठेवा. बटण दाबल्यावरही वळणे थांबवू नका. सरावासाठी तिकीट लागत नाही. मैदानावर घिरट्या घालणाऱ्या घारी त्यासाठी उत्तम!

४. आवाजाच्या पुढे पाहा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जेट दोन किलोमीटरवर असेल तर त्याचा आवाज आपल्याला सहा सेकंद उशिरा ऐकू येतो. तोवर ते किलोमीटरभर पुढे गेलेले असते. म्हणून जिथून आवाज येतो तिथे न पाहता उड्डाणाच्या दिशेने पुढे शोधा.

५. विमाने ओळखायला शिका. जुन्या विमानतळ रस्त्यावरील एचएएलच्या संग्रहालयात मारुत आणि इतर विमाने जवळून पाहता येतात. खाली बसून, नाकाच्या बाजूने फोटो घ्या. मागे तारा किंवा खांब येत नाही ना, ते तपासा. सूर्यकिरण पथकाची हॉक विमाने आणि सारंग पथकाची ध्रुव हेलिकॉप्टर्स यांच्या कसरतींचा क्रम आधी पाहून ठेवला तर कॅमेरा वेळेवर तयार राहतो. फोटोखाली विमानाचे नाव आणि तारीख लिहायची सवय लावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. येलहंका हा हवाई दलाचा तळ आहे. प्रदर्शनाच्या दिवशी प्रेक्षकांना तिथले नियम पाळून फोटो काढता येतात. इतर दिवशी भिंतीबाहेरून लेन्स रोखणे हा गुन्हा ठरू शकतो. शासकीय गुपिते कायदा १९२३ पासून आहे आणि तो हौशी माणसालाही लागू होतो. सुट्टीत घरी जाताना हे लक्षात ठेवा. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे आहे, तिथे खिडकीतून फोटो काढायचा नाही. एका फोटोने काय होते, असे वाटेल. पण कोणती विमाने, किती आणि कुठे उभी आहेत हे त्यातून कळते, आणि मोबाइलच्या फोटोत जागा व वेळही नोंदलेली असू शकते. आपल्यापैकी अनेकांचे वडील फौजेत आहेत. अशा माहितीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी येलहंका येथे सरावात सूर्यकिरणची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला. असा प्रसंग कधी कॅमेऱ्यात आलाच तर तो मित्रांना पाठवू नका. तिथल्या अधिकाऱ्यांना दाखवा. चौकशीला त्याचा उपयोग होऊ शकतो, आणि वैमानिकाच्या घरच्यांना ती बातमी आपल्या मोबाइलवरून कळणार नाही.